टेबलाभोवतीच्या आठवणी कोण लिहिणार?

म्हैसूरहून नंजनगूड, गुंडलुपेट आणि बंदीपूरचे जंगल मागे टाकले की रस्ता निलगिरीचा घाट चढू लागतो आणि तीन-चार तासांत उटी येते. म्हैसूरच्या महाराजांचा उन्हाळी मुक्कामाचा राजवाडा याच गावात, फर्नहिलला. गावातल्या जुन्या उटी क्लबात बिलियर्ड्सची एक खोली आहे. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या स्नूकरचे नियम १८८२ साली याच खोलीत लिहून लावले गेले, असे मानतात. जगाला ही हकीकत नीट कळली ती मात्र त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, एका वृद्ध सेनाधिकाऱ्याच्या पत्रातून.

हे अधिकारी म्हणजे सर नेव्हिल चेंबरलेन. इंग्लंडचे त्या वेळचे पंतप्रधान याच नावाचे होते, पण ते वेगळे गृहस्थ. १९३८ च्या मार्चमध्ये 'द फील्ड' या लंडनच्या नियतकालिकात चेंबरलेन यांचे पत्र छापून आले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, पावसाळ्यात, १९ वर्षांच्या आपण आणि आपल्या सोबत्यांनी हा खेळ जुळवला, असा त्यांचा दावा होता. पुढे ते दुसऱ्या अफगाण युद्धात जखमी झाले, मद्रास फौजेचे सेनापती जनरल रॉबर्ट्स यांच्या हाताखाली आले आणि रॉबर्ट्स यांच्याबरोबर उटीला येत-जात राहिले. खेळही त्यांच्याबरोबर उटीला आला.

जबलपूरच्या त्या मेसमध्ये तेव्हा काय खेळले जाई, हे पाहिले की खेळाची मुळे कशात होती ते कळते. 'लाइफ पूल' मध्ये प्रत्येक खेळाडू सुरुवातीला ठरलेली रक्कम मध्ये टाकी. प्रत्येकाला एका रंगाचा चेंडू आणि तीन 'जीव' मिळत. आपला चेंडू कोणी पॉकेटमध्ये घातला की एक जीव जाई आणि मारणाऱ्याला पैसे द्यावे लागत. शेवटपर्यंत जो टिकेल तो मधली सगळी रक्कम उचले. 'पिरॅमिड्स' मध्ये पंधरा लाल चेंडू असत आणि दर चेंडूमागे पैसे ठरलेले असत. 'ब्लॅक पूल' मध्ये काळा चेंडू पॉट करणाऱ्याला बाकी सगळे भरपाई देत. चेंबरलेन आणि मंडळींनी या खेळांची सरमिसळ केली आणि आणखी रंगीत चेंडू वाढवले. लाल चेंडू घातला की रंगीत चेंडूवर नेम धरायचा, ही आजची रीत त्याच सरमिसळीतून आली. थोडक्यात, दूरचित्रवाणीवर काळ्या बंडीतले खेळाडू जो खेळ शांतपणे खेळताना दिसतात, तो पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या पोटी जन्मला आहे.

पत्र आले तेव्हा हा मान दुसऱ्या एका ठिकाणाला दिला जात होता. खेळ वूलिचच्या लष्करी अकादमीत सुरू झाला, असे सांगणारे लोक होते. चेंबरलेन यांच्या बाजूने इतर जुन्या अधिकाऱ्यांनी आपापल्या आठवणी कळवल्या. १९३९ साली लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी 'द बिलियर्ड प्लेअर' या मासिकात त्यांचा दावा उचलून धरला आणि तोच पुढे सर्वमान्य झाला. तरुणपणची गोष्ट त्रेसष्ट वर्षांनी सांगणाऱ्या एका माणसाचा शब्द मान्य झाला, कारण त्याला दुसऱ्यांच्या शब्दांचा आधार मिळाला. मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेल्या या कथेत त्या पावसाळ्यात कोण किती हरले, कोणाच्या पगारातून ते वळते झाले, चेंडू मांडणारा आणि गुण मोजणारा मार्कर कोण होता, यांपैकी काहीच नाही. खेळाचा जन्म नोंदला गेला आणि जुगाराचा हिशेब गळाला.

व्यावसायिक पूल, स्नूकर आणि त्यांच्याभोवतीची पैज यांवर आठवणी लिहू पाहणाऱ्या कोणाचीही पहिली अडचण हीच असते. या जगात कागद फार कमी तयार होतो, आणि त्याला कायद्याचेही कारण आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. पैजेत जिंकलेले पैसे वसूल करायला कोर्टात जाता येत नाही. कोर्टात चालणार नाही तर चिठ्ठी कशाला, पावती कशाला? व्यवहार तोंडी होतो, तोंडीच फिटतो किंवा बुडतो. शेतीचा तुकडा विकला तर सातबाऱ्यावर फेरफार होतो. तोच तुकडा टेबलावर हरलेल्या देण्यासाठी विकला, ही गोष्ट त्या कागदावर कधीच येत नाही. ती फक्त माणसांच्या आठवणीत राहते.

याच कलमात एक अपवाद आहे आणि तो म्हैसूरकरांच्या ओळखीचा आहे. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायच्या पाचशे किंवा अधिक रुपयांच्या बक्षिसासाठी केलेली वर्गणी हा कायदा बेकायदा मानत नाही. म्हैसूर रेस क्लबची स्थापना १८९१ ची. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी त्याचे मैदान आजही आहे. घोड्यांच्या शर्यती हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या लक्ष्मणन खटल्यात म्हटले. त्यामुळे शर्यतीच्या मैदानावर तिकिटे असतात, निकाल छापले जातात, घोड्यांची वंशावळ सापडते. एकाच शहरात एका प्रकारची पैज कागदोपत्री जपली जाते आणि दुसरीचा मागमूस राहत नाही, तो फरक असा पडतो.

म्हैसूरच्या राजघराण्यातही खेळांचे दस्तऐवज आहेत. मुम्मडि कृष्णराज वडेयर यांच्याकडून १८३१ साली इंग्रजांनी कारभार काढून घेतला. १८६८ मध्ये निधन होईपर्यंत हा राजा कला, ग्रंथ आणि खेळ यांत रमला. 'श्रीतत्त्वनिधी' या त्याच्या प्रचंड ग्रंथाचा अखेरचा भाग 'कौतुकनिधी' खेळांना वाहिलेला आहे. गंजिफाचे 'छद' नावाचे अनेक प्रकार त्यात आहेत, त्यांतल्या मोठ्या डावांची पाने तीनशेच्या वर जातात. कोकणात सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा पाहिलेल्या वाचकाला या वैभवाची कल्पना येईल. रामसन्स कला प्रतिष्ठान ही म्हैसूरची संस्था 'क्रीडा कौशल्य' प्रदर्शनांतून असे जुने पट आणि पाने लोकांपुढे मांडत आली आहे. राजाने पानांची संख्या, देवता, रंग, सारे बारकाईने लिहवून घेतले. खेळणाऱ्यांच्या आयुष्यात त्या खेळाने काय केले, ते सांगणे अर्थातच त्या ग्रंथाचे काम नव्हते.

ते काम आपल्याकडे फार पूर्वी एका कवीने केले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त अक्षसूक्त म्हणून ओळखले जाते. त्या काळी बेहड्याच्या फळांचे फासे असत. चौदा ऋचांच्या या सूक्तात जुगारी स्वतः बोलतो. बायकोने कधी भांडण केले नव्हते, तिला आपणच दूर लोटले, सासू तिरस्कार करते, मदत करणारा कोणी उरला नाही, कर्जाच्या भीतीने रात्री दुसऱ्यांच्या घरांकडे जावे लागते, असे तो सांगतो. फासे पडताना ऐकू आले की पाय पुन्हा तिकडेच वळतात, हेही तो लपवत नाही. देवांची स्तुती भरलेल्या ग्रंथात हरलेल्या माणसाला त्याच्याच तोंडून बोलू दिले आहे, आणि त्या बोलण्यात घरातली माणसे आहेत. जुगाराच्या आठवणी लिहिणाऱ्याला याहून जुना वाटाड्या मिळायचा नाही.

बिलियर्ड्सच्या टेबलावर हीच गोष्ट लेव्ह टॉलस्टॉय यांनी एका वेगळ्या जागेवरून सांगितली. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कथेचा निवेदक बिलियर्ड्सचा मार्कर आहे. नेख्ल्यूदोव नावाचा तरुण सरदार टेबलापाशी येतो, आधी थोडे, मग भरमसाट हरतो, उधारीवर खेळतो आणि अखेर आत्महत्या करतो. मार्करला त्याच्या मनातले कळत नाही. त्याला दिसतात फक्त डाव, रकमा, कपडे, कोण हसले आणि कोणी पैसे चुकवले नाहीत. कथेच्या शेवटी सरदाराचे स्वतःचे पत्र येते, आणि आतापर्यंत बाहेरून पाहिलेला माणूस आतून उघडतो. दोन साक्षी शेजारी ठेवल्याने ती कथा उभी राहिली आहे.

टॉलस्टॉय हे ऐकून लिहीत नव्हते. १८५५ च्याच जानेवारीत, क्रिमियाच्या युद्धावर असताना, ते पत्त्यांत मोठी रक्कम हरले. यास्नाया पोल्यानातल्या वडिलोपार्जित घराची मुख्य इमारत विकून आलेला पैसा त्यात गेला, आणि ही गोष्ट त्यांनी रोजनिशीत स्वतःच्या हाताने लिहिली. १८६२ मध्ये ते बिलियर्ड्सवर हजार रूबल हरले. ते फेडण्यासाठी 'कझाक' ही कादंबरी संपादक कात्कोव यांना द्यावी लागली. आठवणी लिहिणाऱ्याला त्यांच्या उदाहरणातून एक फार व्यवहारी गोष्ट मिळते. हार त्याच आठवड्यात लिहिलेली असेल तर ती पुढे चाळीस वर्षे आकसत नाही. नुसत्या आठवणीवर सोडली की जिंकलेले डाव ठळक होत जातात आणि हरलेले पुसट.

तिसरी साक्ष घरातली. फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांनी १८६६ मध्ये 'जुगारी' ही कादंबरी २६ दिवसांत सांगून लिहवली, कारण प्रकाशकाशी केलेल्या करारातली मुदत चुकली असती तर पुढच्या लेखनाचे हक्क गेले असते. ती लघुलिपीत उतरवून घेणारी अ‍ॅना स्नित्किना पुढच्या वर्षी त्यांची पत्नी झाली. १८६७ साली बाडेन-बाडेनमध्ये नवरा रूलेवर हरत होता आणि अ‍ॅना आपले दागिने, कपडे गहाण टाकत होती. त्याच दिवसांत ती लघुलिपीत रोजनिशीही लिहीत होती. म्हातारपणी तिने आठवणीही लिहिल्या. कादंबरीत जुगाराची झिंग आहे. अ‍ॅनाच्या वहीत घरभाडे, उरलेली नाणी आणि नवऱ्याची परत येण्याची वाट पाहणे आहे. दोन्ही वाचल्याशिवाय त्या घराचे खरे चित्र हाती लागत नाही.

केवळ खेळणाऱ्याच्या शब्दावर विसंबले की काय होते, ते अमेरिकेच्या पूल हॉलमध्ये पाहायला मिळते. रुडॉल्फ वॉन्डरोन हा खेळाडू न्यूयॉर्क फॅट्स या नावाने ओळखला जाई. वॉल्टर टेव्हिस यांच्या १९५९ च्या कादंबरीवरून १९६१ मध्ये 'द हसलर' हा चित्रपट निघाला. त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचे पात्र होते. वॉन्डरोनने ते पात्र आपल्यावरूनच घेतले असल्याचे जाहीर केले, तेच नाव धारण केले आणि १९६६ मध्ये आत्मचरित्रही काढले. टेव्हिस यांनी हा दावा ठामपणे नाकारला. लोकांना मात्र ती कहाणी आवडली आणि तो माणूस खऱ्या विजेत्यांपेक्षाही अधिक प्रसिद्ध झाला.

त्याच्या समोर विली मॉस्कोनी ठेवून पाहावा. १९५४ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी मॉस्कोनीने एकही चूक न करता लागोपाठ ५२६ चेंडू पॉट केले. हजर असलेल्या लोकांनी तसे प्रतिज्ञापत्र करून त्यावर सह्या केल्या. तो विक्रम पुढे साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर दोघांचा सामना झाला आणि मॉस्कोनी जिंकला. हसतखेळत मोठमोठ्या बाता मारण्यात मात्र फॅट्स पुढे होता. आठवणी लिहिणाऱ्याला फॅट्सची रंगत हवीच असते, पण पुस्तक टिकते ते मॉस्कोनीच्या सह्यांसारख्या आधारावर.

इंग्लंडचा स्नूकरपटू विली थॉर्न याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले आत्मचरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९८५ चे क्लासिक विजेतेपद मिळवणारा, पुढे दूरचित्रवाणीवर लोकप्रिय समालोचक झालेला हा खेळाडू पैजेच्या व्यसनात बुडाला होता. कर्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न याबद्दल तो उघडपणे बोलला. वाचकाला धक्का बसतो तो एवढ्यासाठी की टेबलावरचा कोन, वेग, फिरकी यांचा अचूक अंदाज घेणारा माणूस पैज लावताना तसा अंदाज घेऊ शकत नव्हता. कौशल्याने जुगारावर ताबा येतो, हा या जगातला सर्वात महागडा गैरसमज असावा. आणि हे प्रकरण फक्त व्यक्तीपुरते नाही. २०२३ मध्ये सामने ठरवून खेळल्याच्या चौकशीतून दहा चिनी स्नूकरपटूंवर बंदी आली, त्यांतल्या दोघांवर आजन्म.

भारतात या खेळाने पैजेच्या सावलीतून बाहेर पडायला बरेच कष्ट घेतले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा जागतिक हौशी विजेते झाले. गीत सेठी यांनी १९८९ मध्ये स्पर्धेत १४७ चा सर्वोच्च ब्रेक केला आणि २००५ मध्ये सहलेखकासह पुस्तक लिहिले. पुण्यातच जन्मलेला आणि बंगळूरला अरविंद सवूर यांच्या हाताखाली घडलेला पंकज अडवाणी २०२४ अखेर २८ जागतिक विजेतेपदांपर्यंत पोहोचला. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातील बिलियर्ड्सच्या दालनाला विल्सन जोन्स यांचे नाव आहे. या माणसांनी टेबलाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

पण विजेत्यांच्या चरित्रांत न मावणारे एक मोठे जग याच खेळाभोवती आहे. म्हैसूर, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, कुठल्याही शहरातल्या पूल पार्लरमध्ये हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे, ही सर्रास रीत आहे. तिथून शंभर-दोनशेची पैज, मग बाहेरच्या बघ्यांची बाजूची पैज, मग उधारी, अशी वाट काहींच्या बाबतीत तयार होते. क्लबात सभासद खेळतात आणि मार्कर चेंडू मांडतो, गुण पुकारतो, क्यू सांभाळतो, जोडीदार नसेल तर सभासदाशी खेळतोही. पुष्कळ मार्कर सभासदांपेक्षा चांगले खेळतात. कोणी कुठे हात आखडला, कोण हरल्यावर गप्प झाला, कोण दोन महिने फिरकलाच नाही, हे सगळे त्यांनी पाहिलेले असते. त्यांच्या आठवणी आपल्या भाषेत यायला हव्यात, आणि त्यांच्यातले जुने लोक हयात आहेत तोवर यायला हव्यात.

मराठीला अशा लेखनाची सवय नाही, असे म्हणता येणार नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' ने १९८७ मध्ये चोरीवर जगायला लावलेल्या समाजाचे आयुष्य आतून सांगितले. त्या पुस्तकात खिसा कापण्याचे कसब आहे, पोलिसांचा मार आहे आणि उपाशी घरही आहे. कसबाचे कौतुक करत पुस्तक भरकटत नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतला प्रवास पाव शतकानंतर लिहिला आणि 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आला. उशिरा लिहिलेल्या आठवणीतही ताजेपणा कसा टिकतो आणि तारखा कुठे हलतात, हे त्यातून शिकता येते.

लिहिणाऱ्यापुढे काही जोखमी आहेत. जुगारात एकाची आठवण दुसऱ्याची बदनामी ठरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचे कलम ३५६ आहे. नुसते खरे असणे पुरत नाही, ते सार्वजनिक हिताचेही असावे लागते. म्हणून खासगी माणसांची नावे बदलणे, गाव आणि साल हलवले असेल तर तसे वाचकाला सांगणे, आणि ज्याच्या घरची गोष्ट आहे त्याला आधी वाचायला देणे, ही काळजी घ्यावी लागते. खेळाचे तपशील मात्र बदलू नयेत. स्नूकरचे टेबल बारा फूट लांब असते, पूलचे साधारण नऊ. पॉकेटची रुंदी, चेंडूंचा आकार, चालही वेगळी. माहितगार वाचक तिथेच पहिली चूक पकडतो आणि मग बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवत नाही.

या कामाला आज घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. पैज टेबलावरून मोबाइलवर गेली आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणणारा कायदा केला. मोबाइलवर हरणाऱ्या मुलाभोवती मार्कर नसतो, बघे नसतात, उशीर झाला म्हणून दार लोटणारा क्लबचा चौकीदार नसतो. बँकेच्या खात्यात मात्र रुपया-पैशाची नोंद असते. जुन्या टेबलांच्या जगात माणसे होती पण कागद नव्हता, नव्या जगात कागद आहे पण पाहणारे माणूस नाही. दोन्ही जगे पाहिलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे.

म्हैसूरमध्ये, पुण्यात किंवा कोल्हापुरात कोणाला हे काम हाती घ्यायचे असेल, तर क्लबाच्या सचिवाला विनंती करून बिलियर्ड्सच्या खोलीतल्या जुन्या गुणपुस्तिका पाहता येतील, निवृत्त मार्करांशी बोलणे ध्वनिमुद्रित करता येईल आणि खेळणाऱ्यांच्या पत्नींना, मुलांना स्वतंत्रपणे भेटता येईल. तिघांच्या हकीकतीत एकच संध्याकाळ तीन तऱ्हांनी येईल. लेखकाने ती तशीच, तिन्ही आवाजांत, पुस्तकात ठेवावी.